मागे भिंत नको

"फोटोत गेट आलं का?"

पुंडलिकने विचारलं तेव्हा त्याच्या हातातला घास ताट आणि तोंड यांच्या मध्येच थांबला होता. विभा अजून दारातच होती. गळ्यात कॅमेरा, कपाळावर उन्हाचा घाम आणि चेहऱ्यावर आनंद नुसता मावत नव्हता.

"आलं न, बाबा! भोंगा वाजला, सगळ्या सायकली एकदम बाहेर आल्या, अन् बीच में गणपतकाका. बहुत मस्त आला असेल. आखरी फोटो होता, रोल खतम."

"गेटावरचा बोर्ड?"

"तो पण आला असेल पीछे. काहून?"

पुंडलिकने घास ताटात परत ठेवला. कुंदाने नवऱ्याकडे पाहिलं आणि हातातली पोळी तव्यावर तशीच राहू दिली. या माणसाने ताटातला घास टाकलेला तिने लग्नापासून पाहिला नव्हता.

पुंडलिक काळबांडे जबलपूरच्या लष्करी फॅक्टरीत उभी हयात घालवत होता, आणि तिथे तो नेमकं काय करतो हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. नोकरीला लागताना त्याने एका कागदावर सही केली होती की आतलं बाहेर सांगणार नाही. तशी सही सगळ्यांनीच केली होती. पण बाकीचे लोक पानठेल्यावर दोन गोष्टी बोलत, घरी हात दुखला तर का दुखला ते सांगत. पुंडलिकने ती सही अंगात मुरवून घेतली होती. "यायले विचारा, भाजीत मीठ बरोबर आहे का," कुंदा शेजारणींना सांगायची, "तर आधी इकडंतिकडं पाहतील अन् मंग बोलतील."

अशा माणसाच्या पोटी फोटो काढण्याचं वेड असलेली मुलगी जन्माला यावी, ही देवाची थट्टाच म्हणायची. विभा बारावीत होती. तिच्या शाळेतल्या चित्रकलेच्या मीरा मॅडमनी तिला अहमदाबादच्या एका कॉलेजाचं सांगितलं. तिथे फोटोग्राफी शिकवतात; अर्जासोबत स्वतः काढलेल्या फोटोंचा संच, म्हणजे पोर्टफोलिओ, पाठवावा लागतो; तो पाहूनच मुलाखतीला बोलावतात. मॅडमनी स्वतःचा कॅमेराही वापरायला दिला. 'एका माणसाचा एक दिवस' असा विषय विभाने घेतला आणि अर्थातच पहिल्यांदा बापाकडे आली.

"माझ्या दिवसात काय आहे?" पुंडलिक म्हणाला होता. "सकाळी जातो, संध्याकाळी येतो. मधातलं सांगता येत नाही."

मग ती शेजारच्या क्वार्टरमध्ये गेली. गणपत निमजे म्हणजे पुंडलिकचा जोडीदार. दोघे एकाच साली लागले, एकाच सेक्शनला राहिले आणि रोज दोन सायकली जोडीने चालवत फॅक्टरीत गेले. स्वभावाने मात्र एक पूर्व तर दुसरा पश्चिम. फोटो काढायचे म्हटल्यावर गणपतने आदल्या रात्री मिशांना कलप लावला. कलप थोडा ओठांवरही उतरला. सकाळी त्याची बायको हेमलता हसून हसून खाली बसली आणि विभा कपाळाला हात लावून म्हणाली, "काका, नॅचरल पाहिजे होतं." त्यावर गणपत म्हणाला, "मी कलपातच नॅचरल दिसतो."

पुंडलिक त्या दिवशी रजेवर होता, पण गणपतचा तो सगळा दिवस विभाच्या कॅमेऱ्यात होता. गणपत उंबऱ्यावर बसून पँटच्या पायाला रबर चढवतो तिथपासून भोंग्यानंतर गर्दीतून हात हलवत येतो तिथपर्यंत.

विभा हातपाय धुवायला मोरीकडे गेली आणि पुंडलिक उठला. कॅमेरा खुंटीला होता. तो कसा उघडायचा हे त्याला माहीत होतं, कारण एकदा गेटापाशी वरातीतल्या एका फोटोवाल्याचा कॅमेरा पहारेकऱ्यांनी उघडताना त्याने पाहिलं होतं. बाजूची चकती वर ओढली की पाठ उघडते. तेव्हा त्यांनी आतली फिल्म रिळाच्या धाग्यासारखी बाहेर काढली होती, आणि तो फोटोवाला भर रस्त्यात रडला होता.

पुंडलिक दुष्ट नव्हता. तो घाबरला होता. रिटायरमेंट दोन वर्षांवर आली होती. पोरीने काढलेला फोटो उद्या परक्या गावच्या कॉलेजात जाणार, कुणाच्या कुणाच्या हाती पडणार, आणि विचारणारे विचारणार, ही कोणाची मुलगी? बाप कुठे कामाला आहे? त्याने चकती ओढली. बल्बच्या उजेडात फिल्म चकाकली आणि त्याने ती बोटाने बाहेर ओढायला सुरुवात केली.

"बाबा!"

विभाने ओल्या हातांनीच कॅमेरा हिसकला आणि पाठ दाबून बंद केली. पण फिल्मचा मोठा वेढा बाहेरच लोंबत होता.

"गेटाचा तेवढाच काढून टाकून राहिलो होतो," पुंडलिक म्हणाला. "बाकीचे राहू दे न."

विभा बापाकडे पाहत राहिली. तिला राग आला होता, पण त्याहून जास्त नवल वाटलं होतं.

"एक नाही निकलत, बाबा. उजेड सगळ्यांवर पडला."

ती रडली नाही, भांडली नाही. जेवलीही नाही. कॅमेऱ्यातली फिल्म अंधारात, रजईत हात घालून गुंडाळून डबीत टाकली आणि डबी दप्तरात ठेवली. कुंदा त्या रात्री नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी विभाने गणपतला सांगितलं, "काका, मुझसे गलती झाली. कॅमेरा चुकून उघडला. रोल गेला."

पुंडलिक तिथेच सायकलीत हवा भरत होता. त्याने पंप जोरजोरात मारला.

"अगं, मंग त्यात तोंड कायले पाडते?" गणपत म्हणाला. "इतवारी फिरून काढू. कलप शिल्लक आहे माझ्यापाशी."

तो रविवार आलाच नाही. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीनंतर गणपत मशीनवर उभा असताना छाती धरून खाली बसला. पुंडलिक समोरच होता. फॅक्टरीच्या गाडीतून त्याला नेलं आणि त्याच गेटातून गाडी बाहेर पडेपर्यंत सगळं संपलंही होतं. गणपतची सायकल स्टँडवर तशीच राहिली.

नागपूरहून मुलगा दिवाकर आला, नातेवाईक आले. तिसऱ्या दिवशी पुंडलिक, कुंदा आणि विभा तिघंही हेमलतेपाशी बसले होते तेव्हा तिने विभाचा हात धरला.

"विभे, तो रोल खराब झाला म्हणे. पण एखादा तरी आला असंल न? एकच दे. तेरवीले चौरंगावर ठेवायले फोटो नाही, माय. फ्रेमवाला थांबला आहे."

खरंच फोटो नव्हता. फॅक्टरीच्या पासवर एक होता, पण पास नियमाप्रमाणे जमा झाला होता. लग्नातला एक होता. त्यात मुंडावळ्यांच्या आड विशीतला एक हाडकुळा मुलगा उभा होता. हेमलतेने तो फोटो पाहून बाजूला ठेवून दिला होता. "हा कोण आहे बाप्पा? मी याच्यासंगं नाही राहिली. मी मिशीवाल्यासंगं राहिली."

विभाने मान खाली घातली. "काकू, चेहरा एकाच्यात पण नाही आला. मीच उघडला कॅमेरा."

हेमलतेने तिचा हात सोडला. दुःखात माणसाला जवळचंच कुणीतरी मारायला लागतं.

"दिवसभर माझ्या माणसाले नाचवलं," ती म्हणाली. "इथं बस, तिथं पाय ठेव, तिकडं पाहा. अन् येवढं एक काम धड नाही झालं तुझ्यानं. शिकायले चालली म्हणे फोटो काढणं!"

पुंडलिकने तोंड उघडलं. खोलीत दिवाकर होता, दिवाकरचे मामा होते, फॅक्टरीतले चार लोक होते. कॅमेरा, गेट, फिल्म हे शब्द त्याच्या जिभेपर्यंत आले आणि सवयीने परत गेले. कुंदाने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो चटईची काडी उपसत बसला. मुलगी बापाचा गुन्हा डोक्यावर घेऊन गुपचूप बसली होती, आणि बाप तो तिला घेऊ देत होता. आपल्याला याची लाज वाटते आहे हे त्याला पक्कं कळत होतं, आणि तरी तो उठला तो न बोलताच.

दहाव्याला पुरुष मंडळी ग्वारीघाटावर गेली. दिवाकरचं मुंडण झालं, विधी झाले, पिंड मांडले. नावाडी नावा काठाला लावून उभे होते. फुलवाली पानांचे द्रोण आवरत होती. कावळे भरपूर होते. देवळाच्या कळसावर, नावांच्या टोकांवर, घाटाच्या कठड्यावर. पिंडाकडे मात्र एकही फिरकेना.

"काही इच्छा राहिली असेल. बोला," गुरुजी म्हणाले.

दिवाकर हात जोडून म्हणाला, "बाबा, आईले मी नागपूरले नेईन. एकटी नाही ठेवणार." कावळा हलला नाही. मामा म्हणाले, "भाऊजी, वर्षश्राद्ध नीट करू. काळजी नका करू." एक कावळा उडाला आणि दुसऱ्या नावेवर जाऊन बसला. ऊन चढायला लागलं. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. कुणी म्हणालं पेन्शनचं बोला, कुणी म्हणालं सायकलचं बोला.

पुंडलिक सगळ्यांच्या मागे उभा होता. तो पुढे आला. पायातली चप्पल त्याने आधीच काढलेली होती, तरी त्याने पायांकडे एकदा पाहून घेतलं.

"गणप्या," तो म्हणाला. आवाज मोठा निघाला, कारण मशीनच्या आवाजात बोलायची त्याला सवय होती. "तुझे फोटो पोट्टीनं नाही खराब केले. म्या केले. कॅमेरा म्या उघडला. त्यात गेट आलं होतं, त्याच्या भेवानं. ती माझ्यासाठी खोटं बोलली अन् म्या तिले बोलू देलं."

फॅक्टरीतले लोक नदीकडे पाहत राहिले. पुंडलिक हात जोडून कावळ्यांकडे पाहत उभा राहिला. मनातून त्याला वाटलं होतं की आता येईल. आता यायलाच पाहिजे.

कावळा आला नाही. गुरुजींनी बराच वेळ वाट पाहिली, मग दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि विधी पुरा केला.

परतताना दिवाकरचे मामा पुंडलिकची समजूत काढायला म्हणाले, "म्हणजे पाहा, गणपतरावांचा जीव काही फोटोत अडकला नव्हता. तुम्ही मनाले लावून घेऊ नका." पुंडलिकने मान हलवली. जीव अडकला होता तो आपला, हे त्याला कुणापाशी बोलता आलं नाही.

संध्याकाळी तो हेमलतेकडे गेला. ती दिव्यापाशी भिंतीला टेकून बसली होती. तो दाराजवळच खाली बसला.

"दिवाकरनं सांगितलं," ती म्हणाली.

"वैनी, मी..."

"ते नसते रुसले, भाऊजी. तुम्ही फॅक्टरीचे कसे आहा ते त्यायले माहीत होतं. हसले असते वरून." तिने पदराने नाक पुसलं. "पण मी तुमच्या पोट्टीले बोलली. चार लोकांत बोलली. तुम्ही इथंच बसले होते अन् तुम्ही मले बोलू देलं. ते आता मी वापस कसं घेऊ, सांगा."

आतल्या खोलीत कुणीतरी भांडी लावत होतं, ती आवरून होईपर्यंत पुंडलिक तसाच बसून राहिला.

"तिले पाठवा," हेमलता शेवटी म्हणाली.

विभा आली ती हातात एक पाकीट घेऊन. मीरा मॅडमच्या सांगण्यावरून तिने ती डबी ओळखीच्या स्टुडिओत धुवायला दिली होती. बाहेर ओढलेली फिल्म सगळी गेली होती. पण दिवसाचा पहिला फोटो गुंडाळ्याच्या अगदी आत, घट्ट वेढ्यात होता. पाठ लगेच बंद केल्याने तो अर्धा वाचला होता. अर्धाच. वरच्या भागावर उजेड सांडला होता आणि तिथे नुसतं पांढरं होतं. खाली उंबरा होता, गणपतचा वाकवलेला गुडघा होता, आणि जुन्या ट्यूबमधून कापलेलं रबराचं कडं पँटच्या पायावर चढवणारे दोन हात होते.

"चेहरा नाही आला, काकू. म्हणून नाही सांगितलं मी."

हेमलतेने फोटो दिव्याजवळ धरला. मग तिने फोटोतल्या एका अंगठ्यावर बोट ठेवलं. तिथलं नख अर्धंच होतं.

"हे मशीनमधी गेलं होतं. मले म्हणत, दारात सापडलं. अशी कोणती दारं आहेत फॅक्टरीत?" ती हसायला गेली आणि रडली. मग तिने विभाला ओढून पोटाशी धरलं. "मी काहीबाही बोलली, माय. मनात नको ठेवू."

तेरवीला चौरंगावर तोच फोटो होता. फ्रेमवाल्याने दोनदा विचारलं होतं की बाई, नक्की हाच लावायचा ना? गंध कुठे लावायचं हा प्रश्न आला, कारण फोटोला कपाळच नव्हतं. हेमलतेने थोडा विचार केला आणि गंध पायाला लावलं, रबराच्या कड्याच्या जरा खाली. मग जो जो आला तो तिथेच वाकून नमस्कार करत गेला, आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पुंडलिक वाकला तेव्हा त्याला उठायला वेळ लागला. कुंदाने हात देऊन त्याला उठवलं. त्या रात्रीनंतर ती आज पहिल्यांदा त्याच्याजवळ आली होती.

पोर्टफोलिओ जायची तारीख अगदी तोंडावर आली होती. विभाने या दिवसांत उरलेले फोटो काढले होते. गणपतची रिकामी खुर्ची, कलपाची वाटी, दोरीवर वाळणारं एकच पातळ, दाराशी सायकलच्या जागेवर उमटलेला तेलाचा डाग. एका माणसाचा एक दिवस, त्या माणसाशिवाय. त्यात शेवटचा एक कमी होता. तो भोंग्यानंतरच्या परतीचा, हे तिला ठाऊक होतं. बापाला तिने विचारलं नव्हतं.

सकाळी पुंडलिक चहा पिताना म्हणाला, "गणपतची सायकल आज स्टँडवरून आणतो. परवानगी भेटली."

"हो," विभा म्हणाली.

"संध्याकाळी पुलियापाशी थांबशील का? वळणाच्या अलीकडं." तो कपात पाहत होता. "कॅमेरा घेऊन."

विभाने आईकडे पाहिलं. कुंदा पीठ मळत होती, ती मळतच राहिली.

भोंगा झाला. सायकलींचा लोंढा नेहमीसारखा नाल्यावरच्या त्या छोट्या पुलियावरून निघून गेला, घंट्या वाजल्या, ओळखीच्या लोकांनी विभाला हाका मारल्या. रस्ता मोकळा झाल्यावर सगळ्यात मागून पुंडलिक आला. तो चालत होता. डाव्या हातात स्वतःच्या सायकलीचं हँडल, उजव्या हातात गणपतच्या. गणपतच्या हँडलवर रबराची दोन कडी अडकवलेली होती. दोन सायकली आणि मधे एक माणूस, असा तो रस्त्याच्या मधोमध येऊन तिच्यापाशी थांबला.

"तोंड नको घेऊ," तो म्हणाला.

"पाठीमागून घेते, बाबा. तुम्ही चला नुसते."

तो तिला ओलांडून चार पावलं पुढे गेला आणि पुन्हा थांबला. मान वळवून त्याने विचारलं, "मागे भिंत तर नाही येऊन राहिली? फॅक्टरीची?"

विभाने कॅमेऱ्यातून पाहिलं. "उजव्या बाजूने थोडीशी येते."

पुंडलिकने दोन्ही सायकली डावीकडे सरकवल्या. एक सरकवून मग दुसरी सरकवावी लागली. "आता?"

"आता नाही. आता झाडं आहेत नुसती."

"मंग घे."

तो चालू लागला. विभाने एक फोटो घेतला, मग दुसरा. तिसऱ्याला त्याने न वळता, पुढेच पाहत, रस्त्याला सांगावं तसं सांगितलं:

"एकाच मशीनवर होतो आम्ही. तो इकडून, मी तिकडून. मधात पत्रा फिरे. येवढी वर्षं रोज समोरासमोर."

विभाने कॅमेरा खाली घेतला. बापाने घरात कधीही न सांगितलेली गोष्ट त्याने आता सांगितली होती, आणि ती संपलीही होती. गणपतच्या सायकलीचं चाक थोडं वाकडं होतं, ते प्रत्येक फेऱ्याला एकदा मडगार्डला घासत होतं. पुंडलिक त्या चाकाच्या बेताने, जरा सावकाश, दोन्ही सायकली घेऊन घराकडे चालत राहिला.